मठ पाहायला गेलेली पाच मुलं

येरवड्याच्या तुरुंगात कैदी बायकांच्या लहान मुलांसाठी बालवाडी चालते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून वासंतीबाई तिथे शिकवायला जात. वर्षातून एकदा परवानगी काढून त्या मुलांना बाहेर फिरवून आणत. यंदा त्यांनी विश्रांतवाडीच्या पुढचा, टेकडीवरचा पडका मठ निवडला. सात-आठशे वर्षांपूर्वीचा. आता उरल्यात त्या काही भिंती, तुटके खांब आणि ओळीने नऊ दगडी खोल्या. तिकडे कुणी फारसं फिरकत नाही, म्हणून परवानगी लवकर मिळाली.

मुलं पाच, आणि बरोबर साध्या कपड्यांतली महिला शिपाई, अस्मिता.

बाईंच्या जिवाला त्या दिवशी एक घोर होता. मुलांत सगळ्यांत मोठी सृष्टी; तिचा जन्मच आतला. येत्या वीस तारखेला तिला सहा वर्षं पूर्ण होणार होती, आणि त्यापुढे कायद्याने मूल आईजवळ राहू शकत नाही. तिची आई चैताली परवा बाईंचा हात धरून म्हणाली होती, "बाई, तुम्हीच सांगा तिला. माझ्या तोंडून निघत नाही."

टेकडीवर बकऱ्या चरत होत्या. सगळ्यांत धाकटा आयुष ओरडला, "बाई, शिंगांचं कुत्रं!" अस्मिता हसली, आणि लगेच तिने तोंड फिरवलं.

मठात शिरताच मुलं पांगली. सृष्टी मात्र एका खोलीच्या दारात थबकली. आत एक दगडी ओटा आणि वर वीतभर झरोका, एवढंच.

"बाई, इथे कोणाला ठेवलं होतं?"

"ठेवलं नव्हतं गं कुणाला. साधू राहायचे. आपल्या मनाने."

"मग संध्याकाळी त्यांची गिनती कोण करायचं?"

"कुणीच नाही."

तिचा विश्वास बसला नाही. तिने दगडी चौकट हाताने चाचपली. अडसर घालायचं भोक भिंतीत आतल्या अंगाला होतं. बाहेर येऊन तिने पुन्हा पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं.

"बंद आतून करायचे?"

"हो."

सृष्टी आत जाऊन ओट्यावर बसली. खाऊ वाटला तरी ती बाहेर येईना. शेवटी तिची पुरी-भाजी घेऊन बाईच वाकून आत शिरल्या आणि गुडघे सावरत तिच्याशेजारी बसल्या. घरून जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना.

"सृष्टी, वीस तारखेनंतर ना—"

"माहितीये मला. मी मोठ्या मुलींच्यात राहायला जाणार. बायका बोलतात. त्यांना वाटतं मी झोपलेय."

बाईंनी हातातली पुरी-भाजी ओट्यावर ठेवली.

"मी सहा वर्षांची झाले की मला सोडणार. आईला किती वर्षांची झाल्यावर सोडणार?"

पस्तीस वर्षं शिकवताना बाईंनी मुलांना खोटं सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू सोळा वर्षांची होशील तेव्हा."

सृष्टी बोटं दुमडत गेली. सात, आठ, नऊ... सोळाला दोन्ही हातांची बोटं संपली. त्या दोन मुठींकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"बाई, मला आधीच माहीत होतं, हे आईला नका सांगू. ती रडते ते मला ऐकू येतं, असं कळेल तिला."

बाईंनी तिला जवळ ओढलं. पुरी तशीच राहिली.

संध्याकाळी चैताली बराकीच्या दारातच उभी होती. सृष्टी हात धुवायला गेली तशी तिने विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"आधी कुणाकडून कळलं तर नव्हतं ना तिला?"

वासंतीबाईंनी एकवार नळाकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या, "माझ्याकडूनच कळलं."

"बरं झालं," चैताली म्हणाली. लेक परत आली तेव्हा ती खाली बसली आणि तिच्या फ्रॉकला चिकटलेली कुसळं एकेक करून काढू लागली.