जवसाचा धागा

मित्रांनो, मला ना हात ना पाय. मी एक म्हातारा इंग्रजी शब्द आहे. तुम्ही मला ‘लाइन’ म्हणता. तुमच्या रानात निळ्या फुलांचं जवस येतं ना, ते माझं आजोळ. लॅटिन बोलणाऱ्या माणसांनी जवसाच्या देठातून धागा काढला, त्या धाग्याचं नाव मी. गवंड्यानं तो ताणून भिंत सरळ केली आणि मी रेघ झालो. पुढे मासे धरायची दोरी झालो, कवितेची ओळ झालो, आगगाडीची वाट झालो.

साहेबाबरोबर इकडे आलो आणि इथलाच झालो. जिंतूरला एस.टी.साठी माणसं माझ्यात ताटकळतात. वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणत माझ्या नावानं बोटं मोडतात. तरी सप्ताहात माझ्यामुळे कीर्तनाचा माईक चालतो, म्हणून मी धन्य व्हायचो.

गेल्या वर्षी एका गावात काल्याचं कीर्तन होतं. त्या दिवशी घरोघरून पोळ्या जमवतात. तिथल्या दगडाबाईचा हात मोडला होता. म्हणून तिची ऊसतोडीतली जोडीदारीण सुलाबाई बौद्ध वस्तीतून पहाटेच आली आणि तिच्या चुलीवर टोपलंभर पोळ्या करून गेली. टोपलं मांडवातल्या ढिगात रिकामं झालं. सुलाबाई कीर्तनाची वेडी. महाराजांनी सांगितलं, देवाच्या दारी सगळे सारखे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही विरघळलो.

मग दोघी शेजारी शेजारी जेवायला बसल्या. वाढणारा सुग्रीव वाकून हळूच म्हणाला,

“मावशे, तुमची लाइन तिकडं हाय. मांडवाच्या भाईर.”

पंगत म्हणायला त्याची जीभ रेटली नसावी. मी परका, मला पुढे केलं.

सुलाबाईनं दगडाबाईकडे पाहिलं. दगडाबाई पत्रावळीकडे पाहत राहिली. पोळ्या कुणी लाटल्या, हे सुलाबाईलाही सांगता आलं असतं. पण मग गावानं दगडाबाईला धारेवर धरलं असतं. सुलाबाई उठली.

“जेव तू. पोळी गार व्हायलीय.”

ती बाहेरही बसली नाही. तशीच घरी गेली. मांडवात मात्र पोळ्या किती मऊ झाल्या म्हणून कौतुक चाललं होतं.

यंदा सुलाबाई कीर्तनाला आली नाही.

मित्रांनो, धाग्यानं शिवावं. मला माणसं तोडायला वापरू नका. एकदा तोंडातून सुटलो की मला मागे फिरता येत नाही. कुणाला तरी दुसरा शब्द मला आडवा घालावा लागतो. तो दगडाबाईपाशी होता. तिनं तो घासाबरोबर गिळला.