फक्त कवायतीसाठी

निवृत्त वनाधिकाऱ्यांनी रायफल माझ्या टेबलावर ठेवली ती तान्हं बाळ पाळण्यात ठेवावं तशी.

"हिचं कुळमूळ शोधून द्या. कुठलं सैन्य, कुठलं साल. भिंतीवर पाटी लावायचीय."

"आणि भलतंच काही निघालं तर?"

"निघू द्या की! राजघराण्यातली निघेल." हसत हसत ते संध्याकाळी येतो म्हणून गेले.

बंदूकदुरुस्तीचं हे दुकान सासऱ्यांचं. इथे मी बसते, कारण माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अकरा वर्षांपूर्वी चाचणी घेताना बंदूक त्यांच्या हातात फुटली. यानेच काडतुसात दारू जास्त भरली, असं सासरे म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. भांडण झालं की मी हटकून तेच काढते, "तुमच्या निष्काळजीपणापायी मी दिवसभर तेलात हात घालून बसते." उचलली जीभ, लावली टाळ्याला. हल्ली ते साधं कुलूप लावलं तरी मला विचारतात, "बघ गं, नीट लागलंय ना?"

रायफल सैन्याने मोडीत काढलेली, मग कुणीतरी शिकारीसाठी कापूनछाटून सजवलेली. पुढचं लाकूड तोडलेलं, नळी आखूड केलेली, वर दुर्बिणीसाठी बैठक. बाहेरचे आकडे घासून टाकले होते. पण घासणारे लाकडाच्या आत सहसा जात नाहीत. मी लाकूड उतरवलं, वाळलेलं तेल पुसलं आणि भिंग लावलं. नळीच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का होता, साल होतं आणि खाली सैन्याचा आणखी एक ठसा: फक्त कवायतीसाठी.

मी भिंग खाली ठेवलं. अशा रायफलीची नळी कमजोर झालेली असते, म्हणून सैन्यच तिला भोक पाडतं. ती खांद्यावर घेऊन नुसतं चालायचं, गोळी झाडायची नाही. मग हिचं भोक कुठे गेलं?

बैठकीच्या चारही स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत होत्या. हा हट्ट मला एकाच माणसाने शिकवलाय. मी स्क्रू काढले. बैठकीखाली धातूचं गोल बूच होतं, कानशीने इतकं सफाईने घासलेलं की बोट फिरवलं तरी कळू नये.

सासरे खिडकीशी पेपर वाचत होते.

"बाबा, हे भोक तुम्ही बुजवलंत?"

पेपर खाली आला. रायफल पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"कुठून आली ही?"

"ते राहू द्या. अशा किती केल्यात?"

"सात. भंगारात स्वस्त मिळाल्या होत्या. बूच पक्कं होतं गं. सहा विकल्या, कुणाची तक्रार नाही."

"आणि सातवी?"

त्यांनी वर छताकडे पाहिलं. वरच्या खोलीत नवऱ्याची पावलं वाजत होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला रोज मी हजर! मला सासऱ्यांची किळस आली आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

मी त्यांच्यापुढे कागद आणि पेन आपटलं. "सहाही गिऱ्हाइकांची नावं लिहा. आज सगळ्यांना फोन जाणार."

"लिहितो. पण त्याला सांगू नकोस," ते म्हणाले. "आता काय उपयोग? बोटं थोडीच परत येणारेत?"

मी जिन्याशी गेले. "अहो! खाली या. आत्ताच्या आत्ता."

ते आले. मी ठसा वाचून दाखवला, बूच दाखवलं, सातव्या रायफलीचं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ओरडावं, निदान माझ्यावर तरी, असं मनापासून वाटत होतं.

त्यांनी वडिलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "दारू मी बरोबर भरली होती?"