वाफ्यातला जुना कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. फडताळात ठेवलेला असतानाही दाराची कडी वाजली की वाटतं, आलं कोणीतरी मला न्यायला.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते ओतूर. एसटी स्टँडच्या मागे दादाभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत त्यांना जेवायलाही फुरसत नसायची. त्यांच्या खांद्यावर बसून मी नऊ वर्षांत किती अंतरपाट पाहिले, त्याची गणती नाही. माझा पट्टा हळदीनं पिवळा झाला, तो आजही तसाच आहे. नवरी निघताना तिची आई रडली नाही, तर दादाभाऊ म्हणायचे, "वहिनी, जरा डोळ्याला पदर लावा, शूटिंग चालू हाय." त्या पदर लावायच्या आणि मी टिपायचो. दिसेल ते घ्यायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

पुढे ड्रोन आले, नवे कॅमेरे आले. मी कपाटात गेलो. तीन वर्षं! बाहेर बँड वाजायचे आणि मी आत तळमळायचो. भिंगाच्या कडेला बुरशीचा एक ठिपकाही धरला. शेवटी एक दिवस दादाभाऊंनी मला पिशवीत घातलं आणि शिनोलीला नेलं.

शिनोलीत एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये 'वाफा' नावाची संस्था आहे. पाटी वाचून बाजारकरी आत डोकावतात. "ताई, कांद्याचं रोप हाय का?" असं विचारतात. वैजयंतीताई हसून त्यांना चहा पाजतात. ताईंनी बरीच वर्षं शहरात नाटकं केली. ज्यांना स्वतःचं नाटक किंवा सिनेमा करायचा आहे, पण ज्यांच्या पाठीशी कोणी नाही, अशांसाठी त्यांनी ही जागा उघडली. इथं येणाऱ्याला सहा महिने राहायला मिळतं, तालमीला जागा मिळते, दोन वेळचं जेवण मिळतं. ताट मात्र ज्याचं त्यानं घासायचं. माझ्यासारखी जुनी सामग्री फुकट वापरायला मिळते. ताईंनी माझी बुरशी साफ करून आणली आणि मी पुन्हा कामाला लागलो.

महिन्यातून एकदा तिथं 'दाखवणी' असते. ज्याचं जे काही अर्धंकच्चं झालं असेल, ते त्यानं बाकीच्यांना दाखवायचं. पाहणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही, 'वाईट'ही म्हणायचं नाही. काय दिसलं ते सांगायचं आणि प्रश्न विचारायचे. पहिल्या दिवशी मला हे सगळं खुळ्यासारखं वाटलं होतं.

तिथंच मी अक्षदाच्या हाती आलो. ओतूरजवळच्या मळ्यातली ही मुलगी माझ्याइतकीच उतावळी होती. तिला साळुबाईवर माहितीपट करायचा होता. साळुबाई तिच्या शेजारच्या. दोन वर्षांपूर्वी दिवसाढवळ्या बिबट्यानं, तिथल्या बोलीत वाघानं, त्यांच्या मानेला धरलं होतं. त्या वाचल्या, पण टीव्हीवाल्यांनी त्यांना सोडलं नाही. "मान वळवा, पदर बाजूला घ्या," असं करत चार जणांनी तो व्रण टिपून नेला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की साळुबाई घरात जायच्या.

वैजयंतीताई अक्षदाला म्हणाल्या, "महिनाभर कॅमेरा सुरूच करू नकोस. नुसती जाऊन बस."

अक्षदा जायची. ओट्यावर मी पिशवीत आणि ती साळुबाईंबरोबर शेंगा निवडत. महिना उलटला, दुसराही उलटला. हळूहळू साळुबाईंनी मला पिशवीबाहेर बसू दिलं. ऊस टिपायला, म्हैस टिपायला हरकत नव्हती. पण एका मोठ्या चित्रपट महोत्सवाची तारीख जवळ येत होती आणि अक्षदा रोज कॅलेंडर बघायला लागली होती.

एका सकाळी ती मला ओट्यावर ठेवून पाणी प्यायला आत गेली. मी सुरूच होतो. ती विसरली की तिनं मुद्दाम तसं केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. साळुबाई तोंड धुवायला वाकल्या, पदर घसरला, आणि कोवळ्या उन्हात तो व्रण माझ्यासमोर आला. त्यांनी त्यावरून ओला हात फिरवला. आयुष्यात इतकं चांगलं चित्र मी कधी घेतलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी हरखलो होतो.

दाखवणीला अक्षदानं ते सगळ्यांना दाखवलं. वाफ्यात नाटक लिहायला आलेला गोकुळ हा आणे गावचा, एरवी लई बोलणारा. तो खाली पाहत राहिला. वैजयंतीताईंनी एकच विचारलं, "साळुबाईंनी पाहिलं का हे?"

"त्यांनी पाहिलं तर त्या नको म्हणतील," अक्षदा म्हणाली.

"मग?"

"मग माझा सिनेमाच राहणार नाही, ताई! तुम्हाला काय जातंय विचारायला?"

ती मला उचलून तडक निघाली. ताईंनी तिला अडवलं नाही, कॅमेरा परत दे असंही म्हणाल्या नाहीत. एसटीत अक्षदानं मला मांडीवर घट्ट धरलं होतं. जुन्नरला गाडी बदलेपर्यंत तिनं ते चित्र सात वेळा पाहिलं. ओतूरला उतरल्यावर मात्र तिचे पाय घराकडे वळले नाहीत. ती साळुबाईंच्या ओट्यावर गेली.

"काकू, मी तुम्हाला न विचारता एक घेतलंय," तिनं सांगितलं आणि माझा पडदा त्यांच्यापुढे धरला.

साळुबाईंनी पाहिलं. पदर मानेवर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पुसता येतं का ह्ये?"

"येतं."

"मंग पूस."

अक्षदानं बोट बटणावर ठेवलं. मी आतून ओरडत होतो, नको, नको! तिनं बटण दाबलं.

साळुबाई उठल्या. त्यांचा आवाज चढला. "वाघानं काय केलं, वाघानं काय केलं, ह्येच समद्यांनी इचारलं. मी काय केलं, ते इचारलंय का कुणी?"

"काय केलंत, काकू?" अक्षदानं हळूच विचारलं.

"आता न्हाई. उंद्या रानात ये. आन् ह्यालाबी घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी गोकुळही आला. वाफ्यात तशीच रीत आहे. नाटकवाले सिनेमाच्या कामाला येतात, सिनेमावाले तालमीला बसतात. साळुबाईंनी कांद्याच्या वाफ्यात बसून दाखवलं. "इथं खुरपत होते. उसातून त्यो आला. मानेला धरलं तवा हात मोकळा व्हता. खुरपं मागं घातलं, त्याच्या नाकाडावर. एकदा, दोनदा, तीनदा." दाखवता दाखवता त्या उभ्या राहिल्या आणि मला त्यांच्याकडे बघायला माझी चौकट पुरेना.

"काकू, हे लोकांसमोर उभं राहून सांगाल?" गोकुळनं विचारलं.

"मी काय नाटकातली बाई हाय व्हय?"

पण चार दिवसांनी साळुबाई एसटीनं शिनोलीला उतरल्या. पुढचे चार महिने धार काढून, भाकरी थापून त्या तालमीला येत राहिल्या. एकदा मध्येच रडू कोसळलं आणि त्या निघून गेल्या. महोत्सवाची तारीख टळून गेली. ताईंनी अक्षदाची मुदत वाढवली आणि कोणीही साळुबाईंना बोलवायला गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या आपणहून आल्या.

पहिला प्रयोग मळ्यातल्या शाळेत झाला, रविवारी दुपारी. खिडक्यांना ताडपत्री बांधली होती. मागच्या पांढऱ्या चादरीवर मी टिपलेला ऊस वाऱ्यानं हलत होता आणि पुढे साळुबाई उभ्या होत्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "त्यो पळाला. मी न्हाई पळाले."

टाळ्या पडल्या नाहीत. मग मागच्या रांगेतून पलीकडच्या मळ्यातल्या प्रयागबाई उठल्या. "साळू, तुझं झालं. आता माझं ऐक."

अक्षदाचा हात माझ्याकडे आला आणि थांबला. "प्रयागकाकू, कॅमेरा चालू करू का?"

"आदी सांगती. मंग ठरवू."

अक्षदानं माझ्या भिंगावर झाकण लावलं आणि ती खाली सतरंजीवर बसली. मला काही दिसत नव्हतं. प्रयागबाईंचा आवाज तेवढा येत होता, थांबत, अडखळत. आत माझी तीच जुनी तळमळ चालली होती. तरी मी ऐकत राहिलो.

मित्रांनो, माझा पट्टा आता विरलाय, बॅटरी तासभरसुद्धा टिकत नाही. आम्हा जुन्यांना कपाटात कुजवू नका. भिंग पुसा आणि ज्याला काही सांगायचंय त्याच्या हाती द्या. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज माझा एक धाकटा भाऊ आहे. त्याला कुणाकडे वळवण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि तो नको म्हणाला, तर लगेच उठून जाऊ नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.