शंभरपैकी शंभर

आमच्या बियाण्याच्या कारखान्यात बेचाळीस माणसं कायम नोकरीत आहेत, आणि बेचाळिसांनाही सुरक्षेच्या खेळात शंभरपैकी शंभर मार्क आहेत. हा खेळ मी आणला. मी गिरिधर, प्रशिक्षण अधिकारी. एवढं निखळ यश अख्ख्या जालन्यात दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल असं मला वाटत नाही.

खेळ बनवला पुण्याच्या यशश्रीनं. टॅबलेटवर आमचाच कारखाना दिसायचा: बियाणं वर नेणारा पट्टा, बियाण्याला चोळायच्या औषधाची टाकी, मोटारी आणि निळ्या कपड्यातला एक कामगार. चुकीच्या ठिकाणी बोट लावलं की तो पट्ट्यात ओढला जायचा किंवा टाकीत गुदमरायचा. यशश्रीचं म्हणणं होतं, मार्क ठेवूच नका. लोकांना मनसोक्त चुकू द्या. खेळातला माणूस दहादा मेला तरच खरा माणूस वाचेल. पोरगी हुशार होती, पण तिला आमचे मॅनेजर सोमेश्वर साहेब माहीत नव्हते. तक्ता दाखवल्याशिवाय साहेबांना सूर्य उगवलेलाही पटत नाही. म्हणून मी मार्क ठेवायला लावले, पास होणाऱ्याला प्रमाणपत्र ठेवलं, आणि ऐंशीच्या खाली गेलात तर पगारवाढ अडेल अशी ओळही घालून घेतली. यशश्रीचं मन राखायला सुरुवातीला बिनमार्कांचा सराव राहू दिला.

पगारवाढीचं नाव काढल्यावर कोण कशाला चुकतो? लोकांनी आपल्याकडचा खात्रीचा मार्ग धरला. ज्याला जमतं त्याच्याकडून करून घ्यायचं.

जमायचं पायलला. पायल हसनाबादची, चार वर्षं कंत्राटावर पॅकिंगला होती. कंत्राटी लोकांना हा खेळ नव्हता, कारण शिकवलं की ते कायम करा म्हणतात, असा साहेबांचा अनुभव. जेवणाच्या सुट्टीत जो तो आपला टॅबलेट तिच्यापुढे सरकवायचा. कुणी चहा पाजायचं, कुणी पेरू द्यायचं. ती आधी सराव उघडायची आणि त्या निळ्या माणसाला हौसेनं मारायची. चालू पट्ट्यात त्याचा हात घाल, मोटार बंद न करताच झाकण काढ. मी एकदा विचारलं, हे काय चाललंय.

"हा कशाकशानं मरतो ते बघून राह्यले, सर," ती म्हणाली.

मग मार्कांचा खेळ उघडून पाच मिनिटांत शंभर. मी हसण्यावारी नेलं. दिवाळीनंतर कायम करायच्या यादीत मी तिचं नाव घातलं होतं, तेव्हा माझं कर्तव्य झालं असं मी धरून चाललो होतो.

सप्टेंबरात हरभऱ्याचा माल चालू होता. पट्ट्यात अडकलेलं पोतं काढायला सुपरवायझर राधेश्याम वाकला आणि त्याचं गळ्यातलं उपरणं रोलरनं ओढून घेतलं. जवळ शंभर मार्कांचे पाच जण होते. दोघं मला बोलवायला पळाले, एक वायरमन शोधायला गेला, आणि उरलेल्या दोघांनी राधेश्यामच्या कमरेला धरून मागं ओढायला सुरुवात केली. त्यामुळे गळफास आणखी आवळत होता. पायलनं हातातली पिशवी टाकली, धावत जाऊन लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. राधेश्याम वाचला.

पण पट्टा थांबला तरी औषध वाहत राहिलं, आणि एक अख्खा लॉट भिजून वाया गेला. त्यात बटणावर पाटी होती की प्रमाणपत्रधारक कायम कर्मचाऱ्यांनीच हात लावावा. ती पाटीही माझीच.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. साहेबांनी पायलला सांगितलं, कायम व्हायचं असेल तर खरं बोल, हे बटण तुला कुणी शिकवलं? खरं सांगितलं असतं तर बेचाळीस प्रमाणपत्रं खोटी ठरली असती. राधेश्याम गळ्याला रुमाल गुंडाळून समोरच बसला होता. तो फरशीकडे बघत राहिला.

पायल म्हणाली, "गिरिधर सरांनी शिकवलं."

सगळ्यांना वाचवायची वाट तिनं काढून दिली होती. मी नुसती मान हलवायची होती. फार तर साहेबांची बोलणी खावी लागली असती. पण साहेब पुढचं विचारणार: कधी शिकवलं, कोणत्या टॅबलेटवर? मग टॅबलेटमधल्या नोंदी उघडल्या जाणार: सगळ्यांचे शंभर जेवणाच्या सुट्टीत, पाच-पाच मिनिटांत. आणि त्या बेचाळिसांत एक नाव माझं होतं. माझे शंभरही तिनंच काढले होते, एका कपभर चहावर.

"नाही साहेब, मी शिकवलेलं नाही," मी म्हणालो. वाक्य अक्षरशः खरं होतं. त्याची मला आजही लाज वाटते.

पायलचं यादीतलं नाव गेलं आणि त्याच दिवशी कंत्राटही संपलं. गेटचं कार्ड परत द्यायला ती माझ्या टेबलाशी आली. मी खाली मान घालून फॉर्म भरत होतो. आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

"सर, पुढच्या महिन्यात परत परीक्षा हाय म्हणं," ती म्हणाली. "आता मी न्हाई. जेवायच्या सुट्टीत रोज सराव करा. माणूस पट्ट्यात सापडला तर त्याला ओढायचं न्हाई. आधी बटण, मंग माणूस. बराबर ध्यानात ठेवा."

त्यात टोमणा नव्हता. मी शिकावं असं तिला मनापासून वाटत होतं. मी हो म्हणालो, आणि कार्ड जमा केल्याच्या फॉर्मवर तिची सही घेतली.