उजवीकडे बसणारी बाई

अलॉइस वोंद्राला गाड्यांतलं फार कळतं, असं अमेरिकेतल्या नोव्ही ताबोर या चेक वस्तीच्या गावात सगळे म्हणत. म्हणजे तो स्वतः म्हणे, आणि बाकीचे हातात बिअरचा ग्लास असल्यामुळे माना डोलावत. छत्तीस वर्षांच्या संसारात पाच गाड्या झाल्या आणि पाचही त्यानेच निवडल्या. लिबीने, त्याच्या बायकोने, रंग कोणता आणताय एवढंही कधी विचारलं नाही. आणि गाडी दामटायची मात्र तिने! दिवसाला ब्याण्णव मैल, आठवड्याला सहा दिवस, सतरा वर्षं.

लिबी टपाल वाटायची. नेब्रास्कातल्या त्या मैलोन्‌मैल शेतांमध्ये प्रत्येक घराच्या फाटकाशी खांबावर एक पत्र्याची पेटी, अशा दोनशे चार पेट्या तिच्या वाट्याला. पोस्ट पगार द्यायचं आणि मैलामागे थोडा भत्ता. गाडी ज्याची त्याने आणायची. आता गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि पेट्या रस्त्याच्या उजवीकडे, मग एकट्या माणसाने करायचं काय? तर उजव्या सीटवर बसायचं, डावा हात लांब करून स्टिअरिंग धरायचं, डावा पाय लांब करून पेडल दाबायचं, आणि मोकळ्या उजव्या हाताने खिडकीतून पत्रं टाकायची. त्यासाठी गाडीला पुढे बाकासारखी सलग सीट लागते. लिबीची जुनी स्टेशन वॅगन तशी होती. चांगली ऐसपैस, आणि पेट्रोल प्यायला तर अस्सा राक्षस.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये पेट्रोल गॅलनला नव्वद सेंटांच्या घरात गेलं. रविवारी पंप बंद, इतर दिवशी रांगा. भत्ता मात्र होता तिथेच. महिनाभर लिबीने जमवून पाहिलं आणि एका शुक्रवारी पोस्टमास्तर अर्विनकडून राजीनाम्याचा फॉर्म आणून फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला.

"महिनाअखेरपर्यंत बघते," ती म्हणाली, "नाहीतर सोडते. पगार पेट्रोलातच ओतायचा तर घरी बसून कोलाचीचे गोड पाव भाजलेले काय वाईट?"

ती हसून म्हणाली खरी, पण अलॉइसला ती हसलेली आवडली नाही. पूर्ण पेन्शनला तीन वर्षं उरली होती. आणि पेन्शन गेली खड्ड्यात, ही बाई त्या पेट्यांशिवाय राहणार कशी? सकाळी साडेसहाला बाहेर पडताना तिच्या चेहऱ्यावर जे असतं ते त्याला आपल्या लग्नातल्या फोटोतसुद्धा दिसलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती घरी आली. "जरा टाकी भरून आणतो," असं सांगून अलॉइस वॅगन घेऊन गेला. तालुक्याच्या गावी विक्रेत्याकडे त्याने इंजिनं ऐकली, बॉनेटं उघडली, टायरांना लाथा घातल्या, वॅगन तिथेच मोडीच्या भावात दिली आणि संध्याकाळी एक पिटुकली पिवळी गाडी घेऊन दारात हॉर्न वाजवला. गॅलनला बत्तीस मैल! शिवाय ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. तो इतका खुशीत होता की उतरताना डोकं आपटलं तरी हसला.

लिबी एप्रनला हात पुसत बाहेर आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. उजवीकडचं दार उघडून आत बसली. डावा पाय पेडलकडे नेला, तो मध्ये उभ्या असलेल्या गिअरच्या दांड्यावर जाऊन अडकला.

दोन सुट्या सीटा, आणि त्यांच्या मध्ये दांडा.

अलॉइसच्या तोंडचं पाणी पळालं. ती उजवीकडे बसते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. अख्ख्या गावाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं. ड्यूटीवर गाडीत दुसऱ्या कोणाला घेता येत नसे, त्यामुळे सतरा वर्षांत तिला काम करताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. सकाळी निघताना ती डावीकडे बसून जायची, परतताना पोस्टात उरलंसुरलं देऊन डावीकडे बसूनच यायची. आपल्या घरचं टपाल ती हातातच घेऊन येई. फाटकावरच्या त्यांच्या स्वतःच्या पेटीत सतरा वर्षांत गांधीलमाश्यांखेरीज कोणी गेलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मी आत्ता जातो," तो म्हणाला. "त्या मेल्याला जेवणावरून उठवतो आणि वॅगन परत आणतो."

"गप बस," लिबी आतूनच म्हणाली. "बत्तीस म्हणतात ते खरं आहे का?"

"आता त्याचं काय करायचंय? सोमवारी सकाळी साडेसहाला तू कशात बसणार आहेस?"

"सोमवार परवा आहे. उद्या चर्चनंतर मला माझ्या रस्त्याने फिरवून आण. तू चालव, मी इथेच बसते."

रविवारी ते निघाले. रेडिओवर पोल्का नाचाची धून लागली होती, ती लिबीने बंद केली. मांडीवर शिवणकामाचा टेप, वही, कानावर पेन्सिल. पहिल्याच पेटीशी ती म्हणाली, "थांब. आणखी जवळ. आणखी. अरे, बोटाएवढं अंतर ठेव, हातभर नको! मी काय माकड आहे लोंबकळायला?"

"खड्डा आहे ना पुढे!"

"मला माहीत आहे खड्डा आहे. तो खड्डा माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे."

मग अलॉइस पाहत राहिला. प्रत्येक पेटीशी लिबी खिडकीतून हात काढायची, झाकण उघडायची, बंद करायची, वहीत काहीतरी लिहायची. आणि सहज बोलावं तसं बोलायची. या पेटीचं झाकण खालून वर ढकलावं लागतं. ह्या म्हातारीची दृष्टी गेली आहे, तिच्या मुलाचं पत्र सगळ्यात वर ठेवायचं, बिलं खाली, म्हणजे हात घातला की पहिलं तेच लागतं. त्या वळणावरचा झेलेन्का सकाळी पेटीवरचा लाल झेंडा वर करतो. झेंडा वर म्हणजे पेटीत न्यायचं पत्र आहे, पण त्याचं पत्र असतंच असं नाही, आज उठलो एवढं कळवायला. दोन हिवाळ्यांमागे एक दिवस झेंडा खाली दिसला म्हणून ती आत गेली, तर तो जिन्याखाली पाय मोडून पडलेला.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," अलॉइस म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस. तू विचारायचास, गाडी कशी चालली."

अलॉइसला तोंडात मारल्यासारखं झालं, पण त्यात तिने टोमणा मारलाच नव्हता, हे जास्त लागलं. लोखंडाची जात त्याला नुसत्या वासावरून ओळखू येई, धान्याच्या कोठारांवर तीस वर्षं वेल्डिंग केलं होतं त्याने. आणि या बाईला दोनशे चार घरं अशी ओळखू येत होती. हिच्यासमोर आपण उंटावरचे शहाणे, असं त्याला मनापासून वाटलं. त्याला तिचा अभिमान वाटला, इतका की डोळे चुरचुरले. त्याने धुळीला शिव्या दिल्या.

दफनभूमीच्या फाटकाशी सावली होती. लिबी रोज तिथेच डबा खायची, आजही तिने तिथेच थांबायला सांगितलं. खसखशीचं कोलाची तोंडात धरून तिने टेप काढला, आपल्या सीटपासून पेडलपर्यंत धरला, वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा धरला.

"अलॉइस, ही गाडी अरुंद आहे."

"आहेच. डबी आहे नुसती."

"तसं नाही रे. वॅगनमध्ये पेडल माझ्यापासून इतकं लांब होतं की कंबर वाकडी केल्याशिवाय पाय पोचत नसे. इथे चांगलं वीतभर जवळ आहे."

अलॉइसने हातातलं कोलाची खाली ठेवलं. दहा-बारा वर्षं हिवाळा आला की लिबीचं कंबरेजवळचं हाड दुखे. रात्री ती पालथी पडे आणि तो मलम चोळून देई. दरवेळी डावीकडेच. डावंच का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात एकदाही आला नव्हता. वय झालं, म्हणायचा तो. वर तिलाच सांगायचा, जरा चालत जा!

"लिबी," तो कसाबसा म्हणाला, "ते दुखणं… ते ह्यामुळे होतं?"

"मग काय नाचण्यामुळे होतं? दिवसाला दोनशे चार वेळा ब्रेक दाबते मी त्या पायाने."

"आणि ती वॅगन मीच निवडली होती."

"ऐसपैस आहे म्हणून," ती म्हणाली आणि खळखळून हसली. "आता रडू नकोस, चालवायचंय तुला."

घरी आल्यावर त्यांनी शेडमधल्या डब्यातून पेट्रोल ओतून टाकी काठोकाठ भरली, कारण सकाळीही तशीच भरून निघाले होते. तीन गॅलन मावले, वर फुलपात्रभर. वॅगन याच रस्त्याला नऊ प्यायची. अलॉइसने दोनदा मोजून पाहिलं.

लिबीने वहीतलं पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्यावर तीनच ओळी होत्या. सीट सलग हवी. सीट चार इंच वर हवी, कारण गाडी बुटकी आहे आणि पेट्या खांद्याच्या वर जातात. दांडा पायात नको.

"गाडी मी ठेवून घेतली," ती म्हणाली. "निवड तुझी नाही, माझी. इंजिन तुला कळतं, बसायचं मला कळतं. आता उरलंय ते सगळं लोखंडाचं काम आहे आणि लोखंड तुझ्याशिवाय या गावात कोणाला कळतं?"

एवढं ऐकल्यावर अलॉइसला साठ वर्षांचं अंग आहे हे कुठे आठवतंय! शेडमागे गंजत पडलेल्या जुन्या पिकअपची बाकासारखी सीट त्याने उचकटली, दोन्ही कडांनी कापली, खाली चार इंचांचे पाय जोडले. गिअरचा दांडा आखूड केला, लाल होईपर्यंत तापवून मागे वाकवला आणि सीटमध्ये खाच पाडून तिथे बसवला. वर केलेल्या सीटमुळे पाय आता त्याच्यावरून अलगद जात होता. दर अर्ध्या तासाने लिबी येऊन उजवीकडे बसायची, पाय टाकायची आणि म्हणायची, "अजून जरासं." तो जरासं करायचा. एकदाही कुरकुरला नाही. ज्यांनी त्याला तीस वर्षं कामावर पाहिलंय त्यांना विचारा, हा चमत्कारच म्हणायचा. दिवस मावळला तेव्हा लिबीने अंगणात उजवीकडून गाडी चालवत तीन चकरा मारल्या, मागे घेतली, फाटकाच्या पेटीशी बोटाएवढ्या अंतरावर आणून उभी केली आणि या वेळी "अजून जरासं" म्हणाली नाही. अलॉइसला कळलं, जमलं.

सोमवारी तो पत्ते खेळायला गेला नाही. मक्याच्या कडेने फाटकाशी जाऊन एकच्या सुमारास उभा राहिला. तिची इथली वेळ एक दहाची, हे त्याला कालच कळलं होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी खडीवरून धूळ उडवत पिवळी गाडी आली. डावीकडची सीट रिकामी. उजव्या खिडकीत लिबी, कोपर बाहेर, पाठ ताठ. अशी ताठ बसलेली तिला त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. राणीच दिसत होती, पोस्टाच्या टोपीतली.

"काय गं, कसं काय?" त्याने हात पुढे केला. "आण इकडे आमचं टपाल."

"हातात देत नाही, पेटीत टाकते," ती म्हणाली. "नियम आहे. बाजूला हो."

तिने झाकण उघडलं, आत काहीतरी टाकलं, झाकण बंद केलं आणि निघूनही गेली. अजून चाळीस घरं होती.

पेटीत एक लिफाफा होता. वर त्याचं नाव, पंधरा सेंटांचं तिकीट, तेही पेनाने रीतसर रद्द केलेलं. बिनतिकिटाचं पत्र कोणाच्या पेटीत टाकायची नाही ती, नवऱ्याच्या तर नाहीच. छत्तीस वर्षांत तिने त्याला लिहिलेलं हे पहिलं पत्र. आत फ्रिजवरचा राजीनाम्याचा फॉर्म होता, कोराच. उलटून पाहिला तर दफनभूमीच्या सावलीत, डबा खाताना पेन्सिलीने लिहिलेलं:

"एकशे सतरा पेट्या झाल्या. अजून कंबर दुखलेली नाही. पुढची गाडी घ्यायला जाशील तेव्हा मला बरोबर ने."

अलॉइसने ते दोनदा वाचलं. मग घरात गेला, सगळे खण उपसून एक लिफाफा शोधला, एक तिकीट शोधलं. टेबलाशी बसून पाऊण तास विचार केला आणि शेवटी एवढंच लिहिलं: "नेईन. आज दुपारनंतरच्या पेट्यांचं काय काय झालं ते सांग. मी विचारतोय."

लिफाफा त्याने फाटकावरच्या पेटीत ठेवला. बाजूचा लाल झेंडा गंजून बसला होता, वर येईना. त्याने शेडमधून तेलाची बुधली आणली, चार थेंब सोडले आणि झेंडा वर केला.