डाव्या काखेचा निकाल

माझा स्वभाव तिरसट, हे सगळ्या मालवणला ठाऊक आहे. एकतीस वर्षं शाळेत पोरांचे कान पिळले. कोणी खोटं लिहिलं की मला वही उघडल्याउघडल्या कळायचं. आणि तरीही एकसष्ट सालच्या मे महिन्यात मीच एका पोराला खोटं लिहायला सांगितलं. तेच सांगते, मधे कोणी बोलू नका.

पोरगा म्हणजे बाबली. कागदावर रामचंद्र. दांडीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गंगूच्या बहिणीचा मुलगा. आई लहानपणीच गेली, म्हणून गंगूने मासे विकून त्याला वाढवला. चौथीपर्यंत तो माझ्या हाताखाली होता. मॅट्रिक होऊन मुंबईला गेला आणि साबण-पावडरी करणाऱ्या एका कंपनीत लागला, पण तात्पुरता. तीन वर्षं तात्पुरताच. त्या मे महिन्यात आला तो पिशवीत मलमाचे डबे आणि काचेच्या बरण्या घेऊन. काखेत लावायचं मलम, घामाचा वास घालवणारं. मी म्हटलं, अरे मेल्या, आंघोळ करायला काय झालं? तर म्हणाला, बाई, हसू नका, माझी नोकरी ह्या डब्यात आहे.

झालं होतं असं, की कंपनीने मलम तपासलं ते कारकुनांवर, पंख्याखाली बसवून. साहेबाला आता उन्हात राबणारी माणसं हवी होती. बाबली पुढे झाला, म्हणाला माझ्या गावात पंखाच नाही. साहेबाने त्याला रजा दिली, छापील कागद दिला आणि सांगितलं की काम नीट झालं तर परत आल्यावर कायम करू. बाबलीने त्याचा अर्थ एवढाच घेतला की मलम चांगलं ठरलं तर आपण कायम. मीही तोच घेतला.

कागदावरची पद्धत सोपी होती. एका काखेत मलम लावायचं, दुसरी कोरी ठेवायची. निम्म्यांनी उजवीकडे लावायचं, निम्म्यांनी डावीकडे. दोन्हीकडे चोळीत मलमलीचा तुकडा खोचायचा, संध्याकाळी तो बरणीत टाकायचा आणि हुंगणाऱ्याने कोणाचा कुठला हे न कळता गुण द्यायचे. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजारात हिंडणाऱ्या आठ बाया तयार झाल्या. आधी हसून हसून लोळल्या, मग तयार झाल्या. वहीचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे आणि मला सुट्टी होती.

हुंगायला गंगूच. तिच्या नाकाबद्दल वेगळं सांगायला नको. घाटावरून सुकी मासळी न्यायला व्यापारी यायचे ते गोणीत हात घालायच्या आधी गंगूला बोलवायचे. तिने मान हलवली की गोण उचलली जायची. गुण वगैरे तिला समजेनात. तिने आपलेच चार शब्द लावले, सुक्या बांगड्याला लावते ते: बरो, चलात, वास मारता, टाकून दी. मी वहीत त्यांचे आकडे केले. साहेबाला काय कळणार आहे!

चार संध्याकाळी आम्ही गंगूच्या पडवीत बसलो. पहिल्याच दिवशी निकाल असा आला की बाबलीच्या तोंडावरचं हसू मावेना. उजव्या काखेचे आठही तुकडे ‘बरो’, नाहीतर ‘चलात’. डावे सगळे ‘वास मारता’, आणि पार्वतीचा तर ‘टाकून दी’. मी म्हटलं, थांब, चौघींना डावीकडे लावायला सांगितलं होतंस ना? त्यांची डावी काख चांगली यायला हवी. त्या चौघींतल्या पार्वतीला हाक मारून विचारलं, तर ती माझ्यावरच चिडली. मलम घ्यायचं बोटांवर आणि ती बोटं घालायची काखेत. मग जेवायच्या हाताने कोण लावणार? सगळ्यांनी डाव्या हाताने लावलं होतं, आणि डावा हात जातो तो उजव्याच काखेत. बाबली म्हणाला, जाऊ दे बाई, उजवीकडे तर उजवीकडे, गुण तर आला! मलाही ते पटलं. चारही दिवस निकाल तोच. बाबलीने मावशीला सांगून टाकलं, आता पुढच्या वर्षी तू माझ्या खोलीवर यायचंस, पाटी बंद.

पाचव्या दिवशी सकाळी गंगू माझ्या दारात उभी राहिली. पाटी डोक्यावर, उजवा हात पाटीला. मागोमाग बाबलीला बोलावून घेतला. पाटी उतरवली आणि म्हणाली, "बाबली, तुझ्या मलमान काय होणा नाय. मी खंय मलम लावलंय? तरी माझ्या उजव्या काखेक वास नाय. हात वर धरलो काय तेका वारो लागता. डावी बंद, म्हणान ती वास मारता."

आठही बाया उजव्या हाताने पाटी धरतात. रोज बघते मी! पण बघणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. बाबलीचा चेहरा उतरला. पहिला तक्ता मी शाईने लिहून तयार ठेवला होता, फक्त पाकिटात घालायचा होता. पोराची तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी बोलून गेले. म्हटलं, गंगू, हे आपल्या तिघांत राहू दे. तक्त्यात एक अक्षर खोटं नाही, जे हुंगलंस तेच लिहिलं आहे.

गंगूने माझ्याकडे असं बघितलं की मी आजही विसरलेले नाही. म्हणाली, "बाई, मी हुंगून सांगतंय आणि लोकां ती मासळी खातत. आज खोटां सांगलंय तर उद्या माझां कोण ऐकतलो?"

मला लाज वाटली. स्पष्ट सांगते, फार लाज वाटली. बाबली उठला आणि नवीन तुकडे कापायला बसला. पुढचे तीन दिवस गंगूने स्वतः सगळ्यांच्या डाव्या काखेत मलम चोपडलं, आणि हुंगताना उजवं-डावं कुठलं ते तिला कळू नये म्हणून बरण्या मी उलटसुलट केल्या. निकाल पहिल्यासारखाच, डावी वास मारते ती मारतेच. बाबलीने दोन्ही तक्ते पाठवले, पहिला कसा चुकला तेही खाली लिहिलं, आणि रजा संपल्यावर मुंबईला गेला.

आषाढात बोटी बंद झाल्यावर तो एसटीने परत आला, ट्रंकेसकट. कंपनीने दुसऱ्या गावांना पाठवलेल्या माणसांकडून मलम उत्तम असल्याचं आलं होतं, एकट्या ह्याचंच उलटं. साहेब म्हणाला, साधं काम जमलं नाही. गंगू बाबलीसमोर जाईना. माझ्याकडे येऊन रडली, म्हणाली माझ्या नाकाने पोराची नोकरी खाल्ली. बाबलीने तिला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, पण तो हसायचाही नाही. सुक्या मासळीच्या वखारीत लिहायचं काम धरलं आणि मान खाली घालून करत राहिला.

चौसष्ट साली बाजारातल्या गुरुदासच्या दुकानात तेच मलम आलं. डबा तोच, वर रंगीत कागद. मी, गंगू आणि बाबली तिथेच होतो. गंगूला वाचता येत नाही. तिने मला विचारलं काय लिहिलंय. ह्या वेळी मी एक अक्षर गाळलं नाही. ‘कोकणच्या कडक उन्हात, मासळी विकणाऱ्या कष्टकरी स्त्रियांवर तपासून सिद्ध झालेले.’

गंगूने डबा उघडला, हुंगला, आणि भर दुकानात पदराआड हात घालून डाव्या काखेत बोटभर मलम लावलं. गुरुदास ओरडला, अगो, विकत घे आधी! ती म्हणाली उद्या येते.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी सगळा बाजार फिरून ती दुकानात आली. पाटी डोक्यावर, उजवा हात पाटीला. गिऱ्हाईकं उभी होती. तिने डावा हात वर केला आणि गुरुदाससमोर काख धरली.

"हुंग," म्हणाली.

गुरुदास मागे सरायला लागला, पण मागे साखरेचं पोतं होतं. हुंगला. मग त्याने एकेक डबा फळीवरून उतरवून खोक्यात भरला. बाबली दारात उभा होता. मुंबईहून परत आल्यापासून त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला, अगदी खाली बसून हसला, आणि मग उठून मावशीच्या डोक्यावरची पाटी त्याने आपल्या डोक्यावर घेतली.