सुतकातली जाळी

माधवीचा दहावा व्हायचा होता, तरी मी तिची जाळी आणि बाटल्या पिशवीत भरल्या. थोरली बहीण बायाक्का दारात आडवी उभी राहिली.

"सुतकात कुठं निघालास रं?"

"धरणावर. माधवीचं उन्हाळ्याचं पाणी घ्यायचं राहिलंय."

"सुतक फिटू दे की. पाणी कुठं पळतंय?"

"पळतंय, आक्का. नदी एकदा गढूळ होऊन आली की हे पाणी गेलं. त्यातल्या किड्यांना सुतक कळत न्हाय."

माधवी, माझी बायको, कॉलेजात शिकवायची. धरणाच्या पाण्यात जेमतेम दिसणारे किडे असतात, माशांची पिल्लं ते खाऊन जगतात. ते कोणत्या ऋतूत, धरणात कुठं किती वाढतात, हे ती बघत होती. पावसाळा झाला, हिवाळा झाला, मग ती अंथरुणाला खिळली. कॉलेजचे सर म्हणाले, "दोन ऋतूंवर भागवू." तिथंच शिकवणारी तिची मैत्रीण पूर्णिमा मला हळूच म्हणाली, "तुम्ही पाणी आणा, मी मोजते."

माधवीला दर खेपेला नावेतून धरणात नेणारा मष्णू कोळी काठावरच होता. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"नावेत बसा अण्णा. पण जाळीला मी शिवणार न्हाय. सुतक हाय."

"नको शिवू. ही जाळी मीच शिवलीया."

मी वडगावचा विणकर. जाळीचं बारीक कापड फाटलं की माधवी ते माझ्यापुढं टाकायची.

"ठावं हाय," मष्णू म्हणाला. "बाई सांगायच्या, बायकोच्या पोलक्याला टाका घालत न्हाय, किड्यांच्या जाळीला घालतोय."

नदी धरणात शिरते तिथं आणि मधोमध जाळी मी एकट्यानं ओढली. भिंतीजवळ ती पाण्यातल्या खुंटाला अडकली. मी हिसका दिला.

"ओढू नगासा! फाटंल!"

"मग काय करू? भिंतीजवळचं पाणी घेतल्याबिगर मी जात न्हाय."

मष्णूनं वल्हं टाकलं. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून जाळी सोडवली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"शिवलास की रं."

"शिवलो तर शिवलो. फाटली असती तर बाईंनी वरनं शिव्या घातल्या असत्या. बाटली धरा आधी."

बाटली उजेडात धरली. आत पांढरे ठिपके उड्या मारत होते.

दुसऱ्या दिवशी मी तसाच, दाढी वाढलेला, कॉलेजात गेलो. सर दारातच भेटले.

"अहो, सुतकात कशाला आलात?"

"तिसरा ऋतू आणलाय," मी म्हणालो. "आता दोन म्हणायचं न्हाय."

आणि त्यांच्यासमोरच बाटल्या पूर्णिमाच्या हातात दिल्या.